‘सहा महिन्यांनी परत या’: मधले दिवस कसे काढायचे?

(गावच्या रेडिओवर केलेलं भाषण, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी)



आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल किंवा शेळ्यांच्या लसीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे वाट बघण्याबद्दल. पावसाची वाट बघायला माणदेशातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पण घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागतं, दवाखाना सुरू होतो, रक्त तपासून होतं, डोक्याचा फोटो निघतो आणि शेवटी डॉक्टर म्हणतात, “आत्ताच नक्की सांगता येत नाही, सहा महिन्यांनी परत या.” ती वाट कशी बघायची, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा गट ते चुकत चुकत शिकला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे दिवस चालू असतील तर आमच्या चुका तरी तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे सांगतोय.

अक्का आणि गटाची पेटी

आमच्या गटात बारा जणी. त्यात सगळ्यांत मोठ्या अक्का. त्यांचं नाव सांगत नाही, पण ही गोष्ट सांगायला त्यांना आणि त्यांच्या सुनेला विचारलं आहे. अक्का शाळेची पायरी चढल्या नाहीत, तरी नऊ वर्षं गटाची पेटी त्यांच्याकडे होती. कुणाचे किती हप्ते राहिले, कुणी मागच्या महिन्यात दंड दिला नाही, सगळं तोंडपाठ. आम्ही वहीत लिहायचो आणि खात्री अक्कांना विचारून करायचो.

मागच्या वर्षी चैत्रात पेटीत सहाशे रुपये कमी भरले. अक्का म्हणाल्या, “मी मोजून ठेवलं होतं.” पुढच्या बैठकीत एकीने दिलेली बचत त्यांनी “दिलीच नाही” म्हणून परत मागितली. वाद झाला. मग कुजबुज सुरू झाली. आम्ही भर बैठकीत त्यांच्याकडून पेटीची किल्ली मागून घेतली. चोर कुणी म्हटलं नाही, पण म्हणायचं शिल्लकही काही ठेवलं नाही. अक्का किल्ली ठेवून उठून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्यांच्या सुनेला ज्वारीच्या कणगीत एका फडक्यात बांधलेले सहाशे रुपये सापडले. त्याच फडक्यात अक्कांचा चष्मा होता, जो त्या महिनाभर शोधत होत्या. सून पैसे घेऊन आमच्याकडे आली आणि रडत म्हणाली, “आत्यांनी चोरी नाही केली हो. त्यांना काहीतरी होतंय.”

आम्ही अक्कांच्या घरी जाऊन माफी मागितली. पण ती बैठक त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. बाकी कितीही विसरल्या तरी ती बैठक त्या विसरत नाहीत.

म्हातारपण की आजार?

आपल्याकडे यावर तीन उत्तरं तयार असतात. एक, “वय झालं, म्हातारचळ लागला.” दुसरं, “मुद्दाम करते, सुनेला छळायला.” तिसरं, “बाहेरचं काहीतरी आहे, बघून या.” या तिन्हींत महिने जातात, कधी वर्षं जातात.

वयाबरोबर थोडं विसरायला होतं, हे खरं आहे. चष्मा कुठे ठेवला, शेजारणीच्या जावयाचं नाव काय, हे आठवायला वेळ लागतो आणि मग आठवतं. पण रोजच्या सवयीचं काम अडायला लागलं, ओळखीच्या वाटेवर गोंधळ व्हायला लागला, तेच तेच पुन्हा विचारलं जायला लागलं, स्वभावच बदलला, तर ते नुसतं वय नाही. अक्कांच्या सुनेला नंतर आठवलं: होळीला अक्का पुरण घालायला बसल्या, डाळ शिजली, आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं पुरण वाडीभर जायचं, ती चुलीपुढे नुसती बसून राहिली. सून म्हणाली, “मला वाटलं, दमल्या असतील.”

अशा आजाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. हा एकच आजार नाही, मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे होणाऱ्या अवस्थेचं ते नाव आहे. त्यात सगळ्यांत जास्त आढळतो तो अल्झायमर. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडूनही तो होतो, म्हणून रक्तदाब आणि साखर सांभाळायला सांगतात. भारतातल्या साठीच्या पुढच्या माणसांचा मोठा अभ्यास झाला, त्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात सुमारे ८८ लाख माणसांना हा त्रास आहे, म्हणजे साठीच्या पुढच्या दर १०० जणांत साधारण ७ जणांना. पुरुषांपेक्षा बायकांत तो जास्त दिसला, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे हा शहरातल्या बंगल्यांमधला आजार नाही. तो आपल्या वाड्यावस्त्यांवर आहे, फक्त आपण त्याला नाव देत नाही.

निदानाला एवढा वेळ का लागतो?

अक्कांना घेऊन आम्ही आषाढात प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी रांग, प्रत्येक ठिकाणी वेगळा वार. एका ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात आणि तो दिवस आदल्या दिवशी होऊन गेला होता, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. नवरात्रात डोक्याचा सीटी स्कॅन झाला. सगळं बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “शंका आहे, पण आज शिक्का मारणार नाही. सहा महिन्यांनी बघू.”

त्या दिवशी आम्हाला रागच आला. एवढं करून हातात काही नाही! मॅडमनी मग समजावून सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, साखर जशी रक्ताच्या एका थेंबात कळते तसा हा आजार आपल्या नेहमीच्या तपासणीत एका फटक्यात कळत नाही. डॉक्टरांना माणसाशी बोलावं लागतं, घरच्यांना विचारावं लागतं, आठवणीची चाचणी घ्यावी लागते, मग रक्त आणि फोटो बघून सगळ्याचा मेळ घालावा लागतो.

दुसरी गोष्ट, विसरायला लावणारी इतर कारणं आधी बाजूला काढावी लागतात. त्यातली बरीच बरी होणारी असतात. थायरॉइड कमी असणं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं, आणि म्हातारपणी खाल्लेलंही अंगी कमी लागतं. मनाची उदासी, म्हणजे डिप्रेशन. नवरा गेल्यावर, लेक दुरावल्यावर बाई गप्प होते, तिचं लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो विसरते. डोक्याला मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, लघवीच्या त्रासावरच्या काही गोळ्या. आणि अगदी साधं, ऐकू न येणं. ऐकलंच नाही तर आठवणार काय?

अक्कांचं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. आम्हाला वाटलं, सापडलं कारण! पण मॅडम म्हणाल्या, “हे एक कारण आहे. एवढंच कारण आहे का, ते याने किती फरक पडतो त्यावरून कळेल.”

तीच तिसरी गोष्ट. वेळ हीसुद्धा तपासणी आहे. काही माणसांची आठवण थोडी कमी झालेली असते आणि तिथेच थांबते, काहींची सुधारते, काहींची उतरत जाते. आज बघून हे सांगता येत नाही. सहा महिन्यांपूर्वीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवलं की दिसतं. आज घाईने नाव दिलं आणि ते चुकलं, तर बरं होणारं माणूसही घरच्यांच्या मनातून उतरतं.

एक गोष्ट आमच्या मनात सलत होती. एका ठिकाणी अक्कांना चाचणीत वाक्य लिहायला सांगितलं, आकडे उलटे मोजायला सांगितले. अक्का कागदाकडे बघत बसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “माझी परीक्षा घेतली पोरी, मी नापास झाले.” शाळा न शिकलेल्या माणसांसाठी वेगळ्या प्रश्नांची चाचणी आपल्या देशात तयार झालेली आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात १९९०च्या दशकात अशी एक हिंदी चाचणी बनली. म्हणून आपलं माणूस शिकलेलं नसेल तर तपासणीच्या आधीच डॉक्टरांना सांगा: “या शाळेत गेल्या नाहीत, पण सगळा व्यवहार करायच्या.” हे सांगायला लाजू नका. त्याने तपासणी बरोबर होते.

सहा महिन्यांची वही

आता मुख्य गोष्ट. हे मधले महिने रिकामे नसतात. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या हातात जे पडायला हवं, ते याच दिवसांत घरात गोळा होतं. म्हणून एक वही करा. शंभर पानी पुरते. सुनेला लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, नाहीतर गटाच्या सचिवाकडे आठवड्याला तोंडी सांगून लिहून घ्या. आमच्याकडे तसंच चालतं, बैठक संपली की दहा मिनिटं.

वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कधी झालं, काय झालं, आणि त्याच्या आधी काय होतं. “विसरतात” एवढं लिहून उपयोग नाही. “मंगळवारी दुपारी विहिरीवरून परत येताना आपलं घर ओलांडून पुढे गेल्या. आदल्या रात्री झोप नव्हती.” असं लिहायचं. चांगलं काही झालं तेही लिहायचं. “आज दळण स्वतः निवडलं. नातवाला गोष्ट पूर्ण सांगितली.” वाईटच लिहिलं तर वहीसुद्धा चाडी सांगणारी होते.

डॉक्टर विचारतात, “कधीपासून?” आणि आपण म्हणतो, “बरेच दिवस झाले.” तारीख आठवत नसेल तर आपलं कॅलेंडर वापरा. होळीच्या आधी की नंतर? शिंगणापूरच्या यात्रेला बरोबर होत्या का? ज्वारीची काढणी झाली होती का? अक्कांच्या सुनेने असं मागे मागे जात शोधलं तेव्हा कळलं की सुरुवात पेटीच्या पैशांपासून नव्हतीच, त्याच्या आधीच्या पुरणापासून होती. आणि एकदम झालं की हळूहळू, हे आवर्जून सांगा. डॉक्टरांच्या दृष्टीने यात फार फरक आहे.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून अशाच आणलेल्या, वैदूच्या, काढ्याच्या, सगळ्या. मिश्री, तंबाखू, दारू काही असेल तर तेही सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते घालूनच न्या. जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या.

आणि बरोबर कोण जातं, हे महत्त्वाचं आहे. पहिल्या खेपेला अक्कांबरोबर मुलगा गेला, कारण मोटारसायकल त्याची. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, “तसं विशेष काही नाही, वय झालंय.” त्याला ठाऊकच नव्हतं. दिवसभर त्यांच्याबरोबर असते ती सून. म्हणून दुसऱ्या खेपेला सून गेली. आईसमोर बोलायला संकोच वाटतो असं तिने सांगितलं, तर डॉक्टरांनी तिच्याशी पाच मिनिटं वेगळं बोलणं केलं. तसं मागता येतं.

दवाखान्यातून उठण्यापूर्वी हे प्रश्न विचाराच, हातावर लिहून न्या हवं तर: तुम्हाला शंका कशाची आहे? कुठली कारणं तपासून बाजूला काढली? कुठली तपासणी राहिली, ती कुठे होते आणि कुठल्या वारी? पुढची तारीख कोणती? आणि त्याच्या आधी काय झालं तर लगेच यायचं?

कशाची वाट बघायची नाही

हा शेवटचा प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर प्रत्येक घरात माहीत हवं. एक-दोन दिवसांत अचानक बरळणं, माणसं न ओळखणं, दिवसभर गुंगीत राहणं सुरू झालं, तर ते “विसरणं वाढलं” असं समजून घरी बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, साखर फार कमी-जास्त होणं, अंगातलं मीठ-पाणी कमी होणं, यानेही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. पडल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, डोकं दुखायला लागलं, झोप वाढली, तोल जायला लागला, तर लगेच दाखवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ अडखळणं ही लकव्याची लक्षणं, त्यात तासांचा हिशेब असतो. १०८ला फोन करा. फिट आली, खाणंपिणं तोडलं, किंवा “मला जगायचं नाही” असं बोलणं आलं, तरीही तारखेची वाट बघू नका.

घरात काय बदलायचं

आजाराचं नाव कळलं नाही तरी घर सांभाळता येतं. त्यासाठी निदान लागत नाही. आमच्या गटाने अक्कांच्या घरी जे केलं ते सांगतो.

शेतीच्या औषधांच्या बाटल्या माळ्यावरून काढून कुलपात ठेवल्या. गॅसचं बटण रात्री सिलिंडरपाशीच बंद करायची सवय लावली. विहिरीवर एकटं पाठवणं बंद केलं, पण विहिरीवर नेणं बंद केलं नाही. मोरीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री बारीक दिवा लावला. गोळ्या सुनेने स्वतः हातात द्यायच्या ठरल्या, कारण एकदा दोनदा घेतल्या गेल्या होत्या. अक्कांच्या चोळीच्या आतल्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेलं कापड शिवलं. वस्तीवरच्या दुकानदाराला, एसटी थांब्याजवळच्या चहावाल्याला सांगून ठेवलं: अक्का एकट्या दिसल्या तर बसवून चहा द्या आणि फोन करा.

बोलण्यातही बदल केला. एका वेळी एकच काम सांगायचं. “उठा, तोंड धुवा, चहा घ्या, मग शेळ्या सोडायच्यात” असं एका दमात म्हटलं तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. चुकलं तर वाद घालायचा नाही. आणि परीक्षा घेणं बंद. ही खोड आपल्या सगळ्यांना आहे. पाहुणा दारात येतो आणि पहिलं वाक्य काय? “काय अक्का, ओळखलं का? सांगा बघू मी कोण?” माणूस घामाघूम होतं. त्यापेक्षा सरळ म्हणा, “अक्का, मी तुमच्या धाकट्या बहिणीची लेक, वडूजवरून आले.” त्यांची अब्रू राहते, आणि बऱ्याचदा पुढचं त्यांना आपोआप आठवतं.

हातातलं काम काढून घेऊ नका. पूर्ण स्वयंपाक जमत नसेल तर शेंगा फोडणं, लसूण सोलणं, धान्य निवडणं जमतं. चालणं, माणसांत बसणं, भजनाला जाणं, डोळे-कान तपासून घेणं, रक्तदाब-साखरेची गोळी न चुकवणं, हे निदान काहीही निघालं तरी फायद्याचंच आहे.

त्यांनाही कळत असतं

आपण सगळी घरची माणसं आपसांत बोलतो आणि ज्यांना त्रास आहे त्यांच्यापासून लपवतो. पण त्यांना कळत असतं. एका रात्री अक्कांनी सुनेला विचारलं, “मला काय झालंय गं? वेडी होतेय का मी?” सून गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला विचारलं, काय सांगू?

आम्ही डॉक्टर मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं, जे खरं आहे तेच साध्या शब्दांत सांगा. मग सुनेने असं सांगितलं: “आत्या, तुम्हाला विसरायला होतंय. ते वेड नाही. कशानं होतंय ते डॉक्टर शोधताहेत, त्यांनाही अजून कळलं नाही. पण तुम्ही एकट्या नाही, मी आहे.” अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पेटीचं मी मुद्दाम नव्हतं केलं.” सून म्हणाली, “नाही आत्या.”

ते वाक्य तिने आम्हाला सांगितलं तेव्हा आमच्यातल्या कुणाला मान वर करता आली नाही.

कागद, अंगठा आणि पैसा

या काळात दोन प्रकारची माणसं दारात येतात. एक, “आमच्या औषधाने खात्रीने बरं होतं” म्हणणारी. वाट बघून जीव टेकीस आलेला असतो, आपण पैसे देतो. आमच्यातल्याच एका घरातून असे चार हजार गेले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. नवं औषध मध्येच घेतलं तर पुढच्या तपासणीचाही गोंधळ होतो.

दुसरी, “म्हातारीचं काही खरं नाही, अंगठा घेऊन टाका” म्हणणारी. मैत्रिणींनो, शंका आहे म्हणून कुणाचा हक्क जात नाही. शेतात नाव आहे ते आहे, खात्यातले पैसे त्यांचेच आहेत. उलट याच दिवसांत, त्यांना समजतंय तोवर, त्यांना विचारून कामं करून घ्या: बँकेत वारस लावणं, विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त खातं, श्रावणबाळ योजनेचे किंवा पेन्शनचे कागद, हयातीचा दाखला, आणि मृत्युपत्र करायचं त्यांच्या मनात असेल तर वकिलाच्या सल्ल्याने ते. वाचून दाखवायचं, समजलं का विचारायचं, चांगल्या दिवशी करायचं. अंधारात अंगठा घ्यायचा नाही. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा कायदा आहे, हेही लक्षात ठेवा.

खर्चासाठी आधी सरकारी दवाखान्यातली सोय विचारा. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची आणि मनोविकाराची ओपीडी कुठल्या वारी असते, ते आशाताईंकडून आधीच काढून घ्या. आमच्यासारखा हेलपाटा पडणार नाही. जाण्या-येण्यासाठी आमच्या गटाने अंतर्गत कर्जात दवाखान्याचा वेगळा भाग ठेवला, अर्ज न करता दोन दिवसांत मिळणारा.

सांभाळणारीला कोण सांभाळतं?

अक्कांची सून तीन महिन्यांत निम्मी झाली होती. रात्री अक्का उठायच्या म्हणून ती जागी, दिवसा शेतात. वर नणंद फोनवर म्हणायची, “माझ्या आईला तू नीट बघत नाहीस.” निदान नसलं की एक वेगळाच जाच असतो. आजार आहे म्हणावं तर कागद नाही, नाही म्हणावं तर रोज डोळ्यांना दिसतंय. मदत मागितली तर लोक म्हणतात, “एवढं काय झालंय त्यांना?”

म्हणून गटाने ठरवलं, कागदाची वाट बघायची नाही. बुधवारी दुपारी दोन तास आमच्यातली एक अक्कांपाशी बसते आणि सून झोपते. हो, झोपते. बाजार नाही, धुणं नाही. नणंदेला गणपतीत आठ दिवस माहेरी ठेवून घेतलं आणि वही तिच्या हातात दिली. आठ दिवसांनी जाताना ती वहिनीच्या गळ्यात पडून रडली. आता महिन्यातून एकदा दवाखान्याची खेप ती करते.

मन फारच भरून आलं, झोप उडाली, अक्कांवर हात उगारला जाईल अशी भीती वाटली, तर ते सांगायला लाज वाटू देऊ नका. टेलिमानसचा नंबर आहे १४४१६, फुकट आहे, आपल्या भाषेत बोलतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हे दोन नंबर आत्ताच लिहून घ्या. आम्ही थांबतो. टेलिमानस १४४१६. ज्येष्ठांसाठी १४५६७.

आता कुठे आहोत आम्ही

तुम्ही विचाराल, मग अक्कांना काय निघालं? अजून नक्की नाही. होळीनंतर दुसरी खेप झाली. इंजेक्शनांनी पायाच्या मुंग्या गेल्या, उत्साह थोडा वाढला. आठवणीत काही ठिकाणी फरक पडला, काही ठिकाणी नाही. मॅडमनी वही पानन् पान वाचली आणि म्हणाल्या, “याने माझं अर्धं काम झालं.” पुढची तारीख पुन्हा सहा महिन्यांनी, नवरात्राच्या सुमारास.

तेव्हा नाव कळेल किंवा कळणार नाही. अल्झायमर निघाला तर तो मुळापासून बरा करणारं औषध आज नाही, पण काही काळ त्रास कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. तसं झालं तरी घरात काय करायचं, ते बरंचसं आम्ही आत्तापासून करतोच आहोत.

आणि पेटीची किल्ली? ती आम्ही अक्कांना परत दिली. पैसे मोजायला आता दोघी असतात: एक मोजते, अक्का शेजारी बसून बघतात, आणि वहीत त्यांचा अंगठा होतो. कधी कधी त्या विचारतात, “मोजलं का?” आम्ही “हो अक्का” म्हणतो आणि पुन्हा एकदा त्यांच्यासमोर मोजतो. त्यात आमची दोन मिनिटं जातात.

या आठवड्याच्या तुमच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वाडीत असं वाट बघणारं घर कुठलं आहे, ते एकमेकींना विचारा. सापडलं तर एक कोरी वही घेऊन त्या घरी जा, आणि सुनेला विचारा, बुधवारी दोन तास येऊ का?